हवाईत श्रमदानाला पहिल्यांदा जाताना : अळूच्या खाचरापासून मत्स्यतळ्याच्या भिंतीपर्यंत

हवाईतल्या ओआहू बेटावर नव्याने आलेली मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. त्यांत मानोआच्या विद्यापीठात शिकायला आलेली मुलं असतात, आणि जोडीदाराबरोबर आलेल्या, पण व्हिसामुळे नोकरी करता न येणाऱ्या मैत्रिणीही असतात. "इथल्या लोकांबरोबर काहीतरी काम करायचंय, सुरुवात कुठून करायची?" किनाऱ्यावरचा कचरा उचलणं हे सोपं उत्तर आहे आणि ते कामही चांगलंच आहे. पण हवाईत त्याहून खोलवरचं एक काम अनेक वर्षं चालू आहे. मूळ हवाईयन लोकांनी बांधलेली मत्स्यतळी, अळूची खाचरं, ओढे, जंगल आणि खाडी पुन्हा उभी करण्याचं. त्यासाठी दर महिन्याला ठिकठिकाणी लोक श्रमदानाला जमतात आणि तिथे नवख्यांनाही घेतात.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. दहा ठिकाणी एकेकदा जाऊ नका. एक जागा धरा आणि तिथेच जात राहा. या कामाला गर्दी एका दिवसापुरती पुरते; गवत मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा उगवलेलं असतं.

१. आधी अहुपुआआ समजून घ्या

जुन्या हवाईत जमीन डोंगरमाथ्यापासून समुद्रातल्या प्रवाळापर्यंत उभ्या पट्ट्यांत विभागलेली असे. अशा एका पट्ट्याला अहुपुआआ म्हणतात. वर जंगल, मधून वाहणारा ओढा, ओढ्याला पाट काढून भिजवलेली अळूची खाचरं, खाचरांतून पुन्हा ओढ्यात सोडलेलं पाणी, आणि ओढा समुद्राला मिळतो तिथे दगडी भिंत घालून केलेलं मत्स्यतळं. पाणी खाचरात थबकलं की गाळ खाली बसतो, खाडीत गढूळपणा कमी जातो आणि प्रवाळ जगतं. वर रानडुकरांनी माती उकरली की त्याचा फटका खाली माशांना बसतो. म्हणून डोंगरावर रोप लावणारा आणि खाडीत शेवाळ उपसणारा एकाच कामाला हात लावत असतात.

१८४८ च्या माहेले नावाच्या वाटपाने जमिनी खासगी मालकीच्या झाल्या, १८५० पासून परदेशी लोकांना त्या विकत घेता येऊ लागल्या, आणि पुढे उसाच्या मळ्यांनी डोंगरातून बोगदे खणून ओढ्यांचं पाणी बेटाच्या दुसऱ्या बाजूला नेलं. खाचरं सुकली, तळी गाळाने भरली. ओआहूवरच्या वायआहोले खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना आपल्या ओढ्याचं पाणी परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली. २००० साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी हा जनतेसाठी राखलेला ठेवा आहे असं ठणकावून सांगितलं. एवढं माहीत असेल तर तिथली माणसं पाण्याबद्दल इतक्या कळकळीने का बोलतात ते पहिल्याच दिवशी उमगतं.

तुम्ही राहता ती जागा कोणत्या अहुपुआआत येते ते नकाशावर शोधा. मानोआत राहणारे विद्यार्थी, उदाहरणार्थ, वायकीकीच्या अहुपुआआत राहतात. पहिल्या भेटीत हा विषय निघतोच.

२. कोणतं काम झेपेल ते ठरवा

*अळूची खाचरं.* इथल्या अळूला कालो म्हणतात आणि खाचराला लोई. झाड आपल्या अळूचंच. पण इथे मुख्य पीक कंदाचं; तो उकडून, कुटून पोई करतात. हवाईयन कथेप्रमाणे आकाशपिता वाकेआचं एक मूल मृत जन्मलं, ते पुरलं तिथे कालो उगवला, आणि त्यानंतर जन्मलेला भाऊ हा माणसांचा पूर्वज. म्हणजे कालो हा थोरला भाऊ. खाचरात उतरल्यावर रोपाला उगाच लाथ लागू न देणं, उपटलेला कंद फेकून न देणं, यामागे ही भावना असते. काम म्हणजे गुडघाभर चिखलात तण काढायचं, पिवळी पानं खुडायची, तणाचे गोळे पायाने चिखलात दाबायचे. लागवड कंदाच्या शेंड्याला देठ ठेवून कापलेल्या तुकड्याने करतात, त्याला हुली म्हणतात. पाणी थंड आणि वाहतं राहिलं पाहिजे. ते कोमट झालं की कंद सडतो, म्हणून पाट साफ ठेवणं हे लागवडीइतकंच मोठं काम.

*मत्स्यतळी.* माझा जीव यांच्यावर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. लोको इआ म्हणजे किनाऱ्यालगतचं उथळ पाणी दगडी भिंतीने वेढून केलेलं तळं. भिंतीत ठरावीक जागी माकाहा नावाची जाळीदार दारं असतात. लहान मासे जाळीतून आत येतात, आतलं शेवाळ खाऊन वाढतात आणि जाळीतून बाहेर पडता येणार नाही एवढे मोठे होतात. भरतीचं पाणी आत येऊ लागलं की हे मोठे मासे दाराशी गोळा होतात आणि हवे तेवढेच धरता येतात. मुख्य मासे आमाआमा, म्हणजे आपल्याकडच्या बोईच्या कुळातला, आणि आवा (मिल्कफिश). गोव्यातली खाजन शेती आणि तिथली मानस, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारी दारं, पाहिलेल्यांना भरती-ओहोटी दाराने काबूत ठेवायची कल्पना परकी वाटणार नाही.

कानेओहे खाडीतलं हेएइयाचं तळं ८८ एकरांचं, भिंत सुमारे सव्वा मैलाची आणि अंदाजे सहाशे ते आठशे वर्षं जुनी. बाहेरून-आतून काळ्या दगडाच्या दोन भिंती आणि मधे प्रवाळाचा भराव, कुठेही सिमेंट नाही. १९६५ च्या पुरात या भिंतीला मोठं खिंडार पडलं. २००१ साली पाएपाए ओ हेएइया ही संस्था उभी राहिली आणि हजारो लोकांच्या हातांनी २०१५ च्या शेवटी ते खिंडार बुजलं.

इथे आपल्यापैकी बहुतेकांना धक्का बसतो: या तळ्यांवर खारफुटी तोडतात. मुंबईत आणि कोकणात कांदळवन वाचवण्यासाठी आपण भांडतो, आणि इथे हातात करवत देतात. कारण साधं आहे. हवाईत खारफुटी मुळात नव्हतीच. १९०२ साली मोलोकाई बेटावर उसाच्या मळ्यातून वाहून येणारा गाळ अडवायला ती बाहेरून आणून लावली आणि नंतर बेटाबेटांवर पसरली. तिची मुळं भिंतीच्या दगडांत शिरून भिंत फोडतात, पाणी अडवतात, गाळ धरून ठेवतात. स्थानिक पाणपक्ष्यांची उघडी दलदल त्यात नाहीशी होते. तिथे उभं राहून "पण आमच्याकडे..." असं सुरू करू नका. झाड त्याच जातकुळीतलं असलं तरी जागा वेगळी आहे.

*खाडीतलं शेवाळ.* ओआहूच्या आग्नेय टोकाला माउनालुआ उपसागर आहे. तिथे पाचशे एकरांहून मोठं मत्स्यतळं होतं. १९५९ नंतरच्या काळात त्याच्या काठांवर आणि भरावावर हवाई-काई नावाची वसाहत उभी राहिली. उपसागरात परक्या शेवाळाने वाळू आणि समुद्रगवत झाकून टाकलं. ते हाताने उपटून गोणपाटाच्या पिशव्यांत भरायचं, आणि पिशव्या खतासाठी शेतकऱ्यांकडे पाठवायच्या. मालामा माउनालुआ ही संस्था हे काम चालवते. २०१० च्या मोठ्या मोहिमेत इथे २७ एकरांतून तीस लाख पौंडांहून अधिक शेवाळ निघालं. काम उथळ पाण्यातलं असलं तरी वाकून वाकून पाठ बोलते. पोहता येत नसेल तर आधी सांगा, किनाऱ्यावर पिशव्या मोजायला, वाहायला माणसं लागतातच.

*डोंगरावरचं जंगल.* रोपं लावणं, परकी झुडपं काढणं, कुंपणं तपासणं. माउई बेटावरच्या औवाहीत कोरडं जंगल परत उभं राहिलंय, ते पाहण्यासारखं आहे. चढ आणि वारा सोसायची तयारी हवी. काहोओलावे बेटाबद्दलही लोक विचारतात. अमेरिकी नौदलाने १९४१ पासून १९९० पर्यंत बाँबफेकीच्या सरावासाठी वापरलेलं हे बेट १९९४ मध्ये राज्याकडे आलं. जमिनीत अजूनही न फुटलेले बाँब आहेत. तिथे मुक्कामी जावं लागतं, प्रतीक्षायादी असते, आणि ते पहिल्या वर्षात करायचं काम नाही.

नवख्यांना मी खाचर किंवा मत्स्यतळं सुचवते. तिथे सहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजीपर्यंत सगळ्यांना काही ना काही काम असतं.

३. संस्था शोधा आणि नाव नोंदवा

ओआहूवर हेएइयात पाएपाए ओ हेएइया (मत्स्यतळं) आणि त्याच ओढ्यावर थोडं वर काकोओ ओइवी (खाचरं) आहेत. कैलुआत काउलुआकालाना ही संस्था उलुपो या प्राचीन देवस्थानाभोवती आणि कावाइनुई पाणथळीत काम करते. उत्तर किनाऱ्यावर हालेइवात लोको एआ तळं आहे. कावाई बेटावर हानालेईजवळ वायपा फाउंडेशन अख्खा अहुपुआआ सांभाळतं. बहुतेकांचे श्रमदानाचे दिवस शनिवारी असतात, पण तारखा भरती-ओहोटीवर बदलतात. म्हणून दर वेळी संस्थेच्या संकेतस्थळावर ताजी तारीख पाहा.

नाव नोंदवताना:

- किती जण येणार, मुलं किती, त्यांची वयं काय, ते खरं लिहा. अवजारं आणि गटप्रमुख त्या आकड्यावर ठरतात.
- महाराष्ट्र मंडळाचा किंवा कंपनीचा मोठा गट असेल तर साध्या अर्जातून घुसू नका, वेगळी ईमेल करा आणि महिना-दोन महिने आधी करा. मोठे गट काही संस्था आठवड्याच्या दिवशी बोलावतात आणि थोडी देणगी अपेक्षित असते. ती मनापासून द्या.
- जमणार नसेल तर आदल्या दिवशी तरी कळवा. न सांगता गळणाऱ्यांमुळे इतरांची जागा जाते.

एक सापळा: "स्वयंसेवेचा अनुभव" म्हणून महागडी सहल विकणारे बरेच आहेत. पैसे भरण्याआधी विचारा की काम कोणाच्या जमिनीवर आहे, यजमान संस्था कोणती, आणि तिला त्यातलं किती मिळतं. सरळ उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

४. कागदपत्रं आणि व्हिसा

लागतं ते थोडंच आहे:

- जबाबदारी-मुक्तीचा अर्ज, म्हणजे इजा झाली तर संस्थेला जबाबदार धरणार नाही असं लिहून देणं. बहुधा ऑनलाइनच भरून घेतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी आई-वडिलांची सही लागते. मित्राचं मूल बरोबर नेत असाल तर त्याच्या पालकांची सही आदल्या दिवशीच घ्या, नाहीतर फाटकावर अडून बसावं लागतं.
- ओळखपत्र.
- आरोग्यविम्याचं कार्ड. इजा झाली तर खर्च बहुधा तुमच्याच विम्यातून होतो.
- शाळेला किंवा विद्यापीठाला सेवेचे तास दाखवायचे असतील तर त्यांचा अर्ज छापून न्या आणि निघण्याआधी सही घ्या.

आता व्हिसा. ना-नफा संस्थेच्या खुल्या श्रमदानाला एक दिवस विनामोबदला जाणं ही नोकरी नव्हे. पण "आमच्या शेतावर काम करा, राहणं-जेवण फुकट" अशा जाहिराती, विशेषतः मोठ्या बेटावरच्या (बिग आयलंड), खूप दिसतात. कामाच्या बदल्यात मिळालेलं राहणं-जेवण हासुद्धा मोबदलाच धरला जातो. विद्यार्थी, जोडीदार किंवा पर्यटक व्हिसावर असाल तर त्या वाटेला जाऊ नका. शंका असेल तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला किंवा वकिलाला विचारा, फेसबुकवरच्या ओळखीच्यांना नको.

५. पिशवीत काय हवं

- पायात घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे बूट. इथे तळाला जाड फेल्ट असलेले ताबी मिळतात, शेवाळलेल्या दगडांवर तेच बरे. चपला घालून आलात तर पाण्यात उतरू देत नाहीत.
- लांब बाह्यांचा, पटकन सुकणारा शर्ट आणि टोपी. सुती कुर्ता चिखलाने जड होतो.
- दोन लिटर तरी पाणी. शक्यतो प्लास्टिकची बाटली नको.
- कोरडे कपडे, टॉवेल आणि चिखलाचे कपडे घालायला एक मोठी पिशवी.
- सनस्क्रीन खनिज प्रकारचं. प्रवाळाला घातक ठरलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेली सनस्क्रीन २०२१ पासून हवाईत दुकानात सहजी विकता येत नाहीत. पण भारतातून आणलेल्या ट्यूबवर ती नावं असू शकतात, वाचून घ्या.
- डबा. काम संपल्यावर बऱ्याच ठिकाणी सगळे एकत्र जेवतात आणि ताटात डुकराचं किंवा माशाचं काहीतरी असतंच. शाकाहारी असाल तर आपला डबा न्या आणि चार जणांना पुरेल असा न्या. थेपले, तिखट पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी उन्हात टिकते.

अंगठी, लोंबते कानातले, मंगळसूत्र घरी ठेवा. खाचराच्या चिखलात पडलेली वस्तू सापडत नाही.

६. तब्येतीची काळजी

कोकणात आणि मुंबईत वाढलेल्यांना लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) सांगायला नको. इथल्या ओढ्यांत आणि खाचरांतही तो असतो. पायाला उघडी जखम असेल तर चिखलात उतरू नका, त्या दिवशी काठावरचं काम मागा. ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका. आठवड्या-दोन आठवड्यांनी थंडी वाजून ताप आला, अंग ठणकलं, तर डॉक्टरांना "मी लोईत उतरले होते" हे आवर्जून सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं.

जोराच्या पावसानंतर आरोग्य खातं तपकिरी पाण्याचा इशारा देतं. तो असताना समुद्रात उतरू नका. दक्षिण किनाऱ्यावर पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी, म्हणजे साधारण वद्य अष्टमी ते दशमीच्या सुमाराला, डंख मारणारे बॉक्स जेलीफिश येतात. कालनिर्णय भिंतीवर असेल तर बघून ठेवा. गंमत म्हणजे इथली माणसंही चंद्राच्या रात्रींनीच लागवड आणि मासेमारी ठरवतात, प्रत्येक रात्रीला नाव आहे.

अळू खाजतो हे आपल्याला माहीतच आहे. कापलेल्या देठाचा चीक लागला तर डोळ्यांना हात लावू नका आणि पान कच्चं तोंडात घालू नका.

जंगलात जाणार असाल तर बुटांच्या तळव्याची माती ब्रशने पूर्ण काढा आणि त्यावर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. ओहिआ हे इथल्या जंगलाचं मुख्य झाड एका बुरशीने पटापट मरतंय आणि ती बुरशी मातीबरोबर बुटांवरून प्रवास करते. एका बेटावरून दुसऱ्यावर माती, रोप, खत काहीच नेऊ नका.

किनाऱ्यावर मंक सील हा समुद्री प्राणी पहुडलेला दिसला तर निदान ५० फूट लांब राहा, पिल्लू बरोबर असेल तर १५० फूट. कासवापासून १० फूट.

७. पोचल्यावर

दहा मिनिटं आधी पोचा. अवजारं वाटण्याआधी सगळे फाटकाशी थांबतात. गटातलं कोणीतरी ओली म्हणतं, ते आत येण्याची परवानगी मागणारं पठण असतं. आतून उत्तर येईपर्यंत पाऊल टाकायचं नाही. फोन खिशात, टोपी आणि गॉगल काढून, शांत उभं राहायचं. शब्द येत नसतील तरी चालतं. उशिरा आलात तर ही वेळ हुकते आणि ती मागून भरून काढता येत नाही.

मग गोल करून प्रत्येक जण नाव आणि गाव सांगतो. इथे नुसतं "इंडिया" म्हणू नका. तुमची नदी, तुमचा डोंगर सांगा: मुळा-मुठा, पंचगंगा, सिंहगड, जे असेल ते. समोरच्याला नेमकं तेच ऐकायचं असतं आणि त्यावरून गप्पा सुरू होतात. हवाईत राहणारा प्रत्येक जण "हवाईयन" नसतो, तो शब्द मूळ रहिवाशांच्या वंशासाठी आहे, हे बोलताना लक्षात असू द्या. वडीलधाऱ्यांना अंकल, आंटी म्हणतात, ते आपल्या जिभेला सहज जमतं.

भिंतीचं काम असेल तर माणसांची रांग लावतात. दगड हातोहात पुढे जातो. देताना "घेतला?" हे नजरेने विचारायचं आणि समोरच्याची पकड बसल्याशिवाय सोडायचं नाही. मधे बोटं चेमटतात ती इथेच. प्रवाळाच्या भरावाच्या बादल्या अर्ध्याच भरा. पूर्ण भरलेली बादली तिसऱ्या माणसापर्यंत पोचत नाही. भिंतीत दगड बसवण्याचं काम मात्र जाणत्यांचं असतं. ते दगड उचलतात, फिरवतात, त्याचं तोंड कोणतं ते पाहतात, बसवतात, हलवून बघतात, नाही जमला तर बाजूला ठेवतात. एका दगडाला पंधरा मिनिटं गेली तरी कोणी घाई करत नाही. बघत राहा, पण स्वतःहून दगड लावू नका. उरलेले दगड रचून मनोरे करू नका, आणि आठवण म्हणून एकही घरी नेऊ नका.

फोटो विचारून काढा. देवस्थानाच्या चौथऱ्यावर चढायचं नाही. पिकलेलं फळ, अळूची पानं कोणी दिली तरच घ्या.

८. निघताना आणि नंतर

अवजारं धुऊन जागेवर ठेवल्याशिवाय निघू नका. करवतीला खारं पाणी लागून राहिलं तर दोन दिवसांत गंज धरतो. गाडी शेजाऱ्यांच्या वाटेत लावली नाही ना, हेही बघा. अरुंद गल्ल्यांत याच कारणावरून वस्तीतले लोक संस्थांवर नाराज होतात.

पुढच्या महिन्याची तारीख तिथेच विचारून घ्या आणि त्याच गटप्रमुखाकडे परत जा. चार-सहा वेळा तेच तोंड दिसलं की कामं बदलायला लागतात. आधी नवख्यांना करवत कशी धरायची ते दाखवायला सांगतात, मग दाराची जाळी साफ करायला बोलावतात, आणि एखाद्या दिवशी जाणत्याशेजारी उभं करून हातात दगड देतात. हिवाळ्यात आणि परीक्षांच्या काळात विद्यार्थी कमी येतात, तेव्हा संस्थांना माणसांची सर्वांत जास्त निकड असते. त्या महिन्यांत आधी नाव नोंदवा.